घोरपडेबाईंचा पासंग

सकाळी काट्यात पहिला श्वास जायचा तो घोरपडेबाईंचा. त्याआधी कुणी त्या खोलीत शिंकलं, तर बाई अशा काही बघायच्या की शिंकणाऱ्यानं पुढची शिंक गिळूनच टाकावी.

काटा हे त्या यंत्राचं घरगुती नाव. कागदोपत्री तो ‘श्वासरेणू वस्तुमान-वर्णपटमापक’ होता. पण एवढं नाव घेईपर्यंत माणसाला धाप लागते, आणि श्वास तर यंत्रासाठी राखून ठेवायचा! माणसानं नळीत फुंकर मारायची. फुंकरीतले रेणू निर्वात पेटीत जायचे, तिथं विजेचा फटका बसून त्यांचे तुकडे व्हायचे आणि हे तुकडे चुंबकाच्या वळणावर वजनाप्रमाणे वेगवेगळ्या वाटांना लागायचे. खापऱ्या बघून कुंभार मडकं ओळखतो, तसा तुकड्यांवरून यंत्र मूळ रेणू ओळखायचं. म्हणजे शेवटी वजनच करायचं, फक्त ते रेणूचं. म्हणून काटा.

डॉ. मंदाकिनी घोरपडे सेंद्रिय रसायनशास्त्रात मुरलेल्या. तरुणपणीची कितीतरी वर्षं त्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बाटलीत फुंकायला लावण्यात घालवली. गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी रुग्णाच्या श्वासात एक चिमुकला अल्डिहाइड येऊ लागतो, हे त्यांनी शोधून काढलं. मग तो रेणू प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं बनवला, फोडला, त्याचे तुकडे रुग्णाच्या तुकड्यांशी ताडून पाहिले. सहकाऱ्यांनी थट्टेनं त्या रेणूला ‘मंदाल’ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढं तेच नाव जगभर झालं. बाई वरवर रागवायच्या. आतून त्यांना फार बरं वाटायचं.

कोल्हापूरजवळच्या त्या केंद्रात त्या दिवशी मुंबईहून आरोग्य खात्याचे सल्लागार डॉ. रेगे आले होते. दिवस गुऱ्हाळांचे. पन्हाळ्याच्या वाटेवर उसाचा रस आटवायच्या कायली तापलेल्या, आणि काकवीचा वास प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन थांबलेला. आत यायची त्याचीसुद्धा छाती नव्हती.

“हा वासच तर सगळ्याचं मूळ आहे,” बाई रेग्यांना सांगत होत्या. “साखर करपली की तिचे शेकडो रेणू हवेत उतरतात. या दिवसांत गावातला प्रत्येक माणूस ते श्वासात घेऊन फिरतो. पहिल्या हिवाळ्यात काट्यानं निम्म्या करवीर तालुक्याला आजारी ठरवलं होतं.”

“मग खोलीतली हवा मोजून ती वजा करायची.”

“केली. नाही भागलं. हवा फुप्फुसात जाते, रक्तात जाते, यकृत तिचं भलतंच काहीतरी करून परत पाठवतं. ते माणसाशिवाय कळत नाही. म्हणून रोज सकाळी एका निरोगी माणसाचा श्वास आधी घ्यायचा. त्यानं इथलीच हवा घेतलेली हवी, इथलंच पाणी प्यालेलं हवं. त्याच्या श्वासात जे असेल ते त्या दिवसापुरतं सगळ्यांच्यातून वजा करायचं. उरेल तो रोग.”

“म्हणजे रिकाम्या तराजूचा पासंग काढतात तसं.”

“पासंगच म्हणतो आम्ही त्याला.”

“आणि तो निरोगी माणूस कोण?”

केंद्राचे वैद्य डॉ. फिरोज मुजावर बाजूलाच उभे होते. ते हसून म्हणाले, “साहेब, सुरुवातीला आम्ही सहाजण होतो. एक तंबाखूत गेला, दोन अत्तरात, एकाला मिसळीनं नेलं. मी पांढऱ्या रश्श्यात बुडालो. टिकल्या त्या एकट्या बाई.”

ते खरंच होतं. बाईंनी कांदा सोडला, लसूण सोडला, केसांचं तेल आणि गजराही सोडला. ज्वारीची भाकरी आणि उकडलेला दोडका, बस्स. कोल्हापुरात राहून दोडक्यावर दिवस काढायचे, म्हणजे नदीकाठी राहून कोरडी आंघोळ करण्यासारखंच. पण बाईंना त्याचा अभिमान होता. माणसानं नेमानं राहिलं तर यंत्र नेमानं वागतं, असं त्या म्हणायच्या.

“मग तुमचा स्वतःचा रिपोर्ट कसा येतो?” रेग्यांनी सहज विचारलं.

“पासंगाला रिपोर्ट नसतो, डॉक्टर. माझ्यातून मला वजा केलं तर शून्यच उरणार ना!”

सगळे हसले. बाईही हसल्या.

भिंतीवर काचेच्या चौकटीत एक आलेख होता. जिल्ह्यात दरवर्षी सापडणारे नवे मंदाल-रुग्ण. रेघ आधी काही वर्षं सपाट चालली होती, आणि मग चार वर्षांपूर्वीपासून खाली उतरू लागली होती, आधी हळू, मग भराभर. गाठ धरायच्या आधीच रोग पकडून पेशींचा पुंजका काढून टाकला, म्हणून रोगच हटत चालला, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला होता. त्याबद्दल बाईंना राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला होता. अधूनमधून काट्यातून निरोगी ठरून गेलेला एखादा माणूस गाठीनं मरायचा. फिरोजनी दोनतीनदा तसं बोलूनही दाखवलं होतं. “शंभर टक्के पकडणारी चाचणी देवाकडंही नसेल,” असं म्हणून बाईंनी विषय संपवला होता.

“ही रेघ मी मंत्र्यांना दाखवणार,” रेगे निघताना म्हणाले. “जिल्ह्यातली जुनी पोटाच्या तपासणीची केंद्रं आता बंद करू. खर्च नुसता. तुमचा काटा राज्यभर नेऊ.”

बाईंना अवघडल्यासारखं झालं आणि आनंदही झाला. तेवढ्यात फोन वाजला. धाकटी बहीण शालन. कागलला तिचा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना होता, म्हणून तिला केंद्राच्या फाटकाच्या आत यायची बंदी. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, आठवडाभर मसाल्याकडं न फिरकता ती नळीत फुंकायला तेवढी यायची.

“अक्का, ओरडू नको हं. मी मिरजेत आलेय.”

“मिरजेत काय काढलंस?”

“डोळे पिवळे झाले होते. इथं पोटाचा फोटो काढला. स्वादुपिंडाला गाठ हाय म्हणतात. पसरलीय म्हणे.”

“काहीतरीच! दिवाळीला तुझा काटा कोरा आलाय. शून्य.”

“तेच सांगितलं मी त्यांना,” शालन म्हणाली. “म्हटलं, माझी अक्का चुकायची न्हाई.”

*

मिरजेच्या दवाखान्यात बाई दोन दिवस बहिणीजवळ बसून होत्या. पडद्यावरची सावली त्यांनी स्वतः पाहिली. डॉक्टर सभ्य होते. दिवाळीलाच कळलं असतं तर शस्त्रक्रिया करता आली असती, एवढंच ते म्हणाले, आणि तेही विचारल्यावर. बाईंना आठवत होतं की शालननं श्रावणातच पाठ दुखतेय म्हणून सांगितलं होतं, आणि दिवाळीनंतर पुन्हा. फोटो काढू का गं, असं तिनं विचारलंही होतं. “काटा शून्य म्हणतोय ना? मग पाठीला तेल लाव आणि गप बस,” असं आपणच तिला म्हणालो होतो. शालन मात्र पडल्या पडल्या अक्कालाच न्याहाळत होती. “किती वाळलीस गं? तो दोडका सोड आता,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बाई केंद्रात परतल्या तेव्हा फिरोज फाटकातच उभे होते.

“बाई, तुम्ही नव्हता म्हणून परवा पासंग मी दिला. काल काटा बंदच ठेवला.”

“तुम्ही? आणि आदल्या दिवशी काय खाल्लं होतंत?”

“चुलत्याकडं बारसं होतं. रस्सा, बिर्याणी, सगळं. कबूल.”

“अहो, मग परवाचे सगळे रिपोर्ट रद्द करा! एवढी वर्षं मी जिभेला चटका लागू दिला नाही, आणि तुम्ही…”

“बाई, परवा एका दिवसात सतराजण मंदालचे निघाले. एरवी महिन्यात एवढे निघत नाहीत.”

“निघणारच! रस्सा ओतलात ना काट्यात.”

“रागवायच्या आधी वजाबाकी करा,” फिरोज शांतपणे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. “माझ्या श्वासात जे जास्त असेल ते समोरच्यातून जास्त वजा होणार. रश्श्यानं आकडे उतरतील. चढतील कसे?”

बाईंनी मनात वजाबाकी मांडली.

“पासंगात काही कमी असेल तरच ते चढतील,” त्या सावकाश म्हणाल्या.

“कशाच्या मानानं कमी?”

“नेहमीच्या पासंगाच्या.”

“आणि बाई, चढला तो फक्त मंदाल. बाकीचे रेणू जागच्या जागी आहेत.”

पलीकडच्या गुऱ्हाळात कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. बाईंनी पायरीवर चपला काढल्या, आत जाऊन चूळ भरली आणि तपासणीला येणाऱ्यांच्या स्टुलावर जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या या स्टुलावर कधी बसल्या नव्हत्या.

“आजही पासंग तुम्हीच द्या, फिरोज.”

“उद्या करू या ना, बाई. प्रवासानं दमलाय तुम्ही.”

“फुंकर मारायला मुहूर्त लागतो काय?”

फिरोजनी फुंकर मारली. मग बाईंनी. काट्याची एक रीत होती: सर्वांत उंच खांबाला तो पडद्याची पूर्ण उंची द्यायचा आणि बाकीच्यांना त्या मानानं खुजं करायचा. नेहमी पडद्यावर पाचपन्नास खांब दाटीवाटीनं उभे असायचे. आज एकच उभा राहिला. मंदालच्या वजनावर. बाकी सगळे त्याच्या पायाशी गवतासारखे दिसत होते.

“काटा बिघडलाय,” फिरोज घाईघाईनं म्हणाले.

बाईंनी फ्रिजमधून शुद्ध मंदालची कुपी काढली. कुपी तपासायची तेव्हा पासंग लावायचा नसतो. म्हणून ती चाचणी रोजच बरोबर यायची आणि रोजच सगळ्यांचं समाधान व्हायचं. आजही ती बरोबर आली. काटा उत्तम होता.

“काटा कसला बिघडतोय,” बाई म्हणाल्या. “पासंग बिघडलाय.”

त्यांना स्वतःसाठी भीती वाटायला हवी होती. ती नंतर आली, रात्री अंथरुणावर, आणि मग गेलीच नाही. त्या क्षणी मात्र त्यांना दिसत होती ती फाटकाबाहेरची रांग. बाजारभोगाववरून, गगनबावड्यावरून एसटीनं आलेली माणसं, रुमालानं तोंड पुसून नळीत फुंकणारी, शून्य ऐकल्यावर हात जोडणारी.

“जुने आकडे परत काढता येतील,” फिरोज बोलत होते. “तुमचे रोजचे पासंग साठवलेले आहेत. ज्या दिवशीचा रिपोर्ट त्या दिवशीचा पासंग त्यात मिळवायचा. वजा केलेलं परत घालायचं.”

“नाही येणार. शून्याखालचं कुठं ठेवलंय आपण?”

फिरोजना आठवलं. सुरुवातीच्या काळात वजाबाकीनंतर एखाद्याचा आकडा उणे यायचा. एका म्हाताऱ्यानं “उणे आठ म्हणजे काय हो, बाई? मी मेलोय काय?” असं विचारल्यावर बाईंनी नियमच करून टाकला: शून्याखाली गेलं की शून्य छापायचं, शून्य साठवायचं. एवढ्या लाखभर फुंकरींचे कच्चे वर्णपट ठेवायला जागाही नव्हती. नीटनेटकं काम. ज्याच्या श्वासात बाईंपेक्षा कमी मंदाल होता, त्या प्रत्येकाच्या नावापुढं आता शून्य होतं, निरोग्याच्याही आणि रोग्याच्याही. एकसारखं, स्वच्छ शून्य.

बाईंनी साठवलेले पासंग मात्र पडद्यावर आणले आणि त्यातून एकट्या मंदालची रेघ काढली. आधी काही वर्षं सपाट. चार वर्षांपूर्वीपासून वर, आधी हळू, मग भराभर. फिरोज पडद्याकडं बघत राहिले, मग भिंतीवरच्या चौकटीकडं. मग त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी स्टुलावर चढून ती चौकट खिळ्यावरून काढली आणि आतला कागद पाठमोरा, खालची कड वर करून पडद्याच्या उजेडासमोर धरला. रेघा अगदी तंतोतंत जुळत नव्हत्या, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. चुकीचं काही बोलायचं नाही ही त्यांची सवय मेल्याशिवाय जाणार नव्हती. पण वळणं तीच होती. जिल्ह्याचं आरोग्य म्हणून त्यांनी काचेत घालून मिरवलं होतं, तो त्यांचाच आजार होता. त्यांच्यापेक्षा जास्त आजारी माणूसच काट्याला दिसायचा, आणि त्यांच्यापेक्षा जास्त आजारी माणसं दरवर्षी कमी कमी होत गेली.

“बाई, एक सांगू?” फिरोज म्हणाले. “पासंग बदलू, आणि जुन्या लोकांना फेरतपासणी म्हणून हळूहळू बोलावू. कारण सांगायची गरज नाही. लोकांचा काट्यावरचा विश्वास उडाला तर कुणी फुंकायलाच येणार नाही. आणि तुमचं नाव…”

“नावाला काय चाटायचंय? ज्यांना हळूहळू बोलवाल त्यांची गाठ हळूहळू वाढणार आहे का?” बाई कडाडल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. “आणि माझ्या जागी पासंग द्यायला वीसजण शोधा. सगळे पोटाचा फोटो काढलेले. एकट्यावर कधीच नाही. तुम्हीसुद्धा आधी फोटो काढून या, फिरोज. तुम्हाला निरोगी कुणी ठरवलंय? माझ्याच काट्यानं ना?”

फिरोजनी नकळत पोटावर हात ठेवला.

बाईंनी मुंबईला फोन लावला. पोटाच्या तपासणीची ती केंद्रं बंद करू नका, उलट वाढवा, आणि मंत्र्यांना रेघ दाखवणार असाल तर आता उलटी करून दाखवा, असं त्या म्हणाल्या. रेग्यांना ते समजायला बराच वेळ लागला. समजल्यावर ते म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतः कशा आहात?” तेव्हा कुठं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फोन ठेवला. आणि गावोगावी निरोप धाडायला बसल्या: काटा चुकला आहे, चूक माझी आहे, पुन्हा या.

*

मिरजेच्या दवाखान्यातून शालनला घरी आणलं होतं. करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. कागलच्या घरात, मागच्या खोलीत, मसाल्याच्या वासात ती पडलेली. बाई गेल्या तेव्हा ती उशीला टेकून बसली होती.

“ये की. आज बंदी न्हाई व्हय माझ्यावर?”

“नाही. उठली बंदी.”

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. एसटीतून येताना त्यांनी वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

“शालन, तुझा काटा शून्य आला तो माझ्यामुळं. माझ्या श्वासात मंदाल होता. रोज सगळ्यांच्यातून मी माझा श्वास वजा करत होते. तुझ्यातूनही केला. तुझा रोग त्यात पुसला गेला गं. तू फोटो काढू का म्हणाली होतीस, आणि मी तुला गप बसवलं.”

खिडकीबाहेर मसाला कांडायचा डंख चालू होता, त्याचे ठोके तेवढे ऐकू येत होते. शालन शिकलेली बेताची, पण आयुष्यभर तराजू हातात धरलेली बाई. पासंग तिला कुणी समजावून सांगायला नको होता.

“म्हणजे असं बघ, अक्का,” ती म्हणाली. “माझं जेवढं होतं ते सगळं तुझ्या श्वासापायी वजा झालं. काहीच उरलं न्हाई.”

“नाही उरलं.”

“म्हणजे माझ्याहून तुझं जास्त होतं. दिवाळीतच.”

बाईंनी मान हलवली.

“आणि तू हिंडतीस अजून! दवाखान्यात दोन दिवस माझे पाय चेपत बसलीस!” शालनचा आवाज चिरकला. स्वतःची गाठ कळली तेव्हा ती रडली नव्हती. आता मात्र ती हमसून हमसून रडली, आणि बाईंनाही कढ आवरेना. लहानपणी एकाच पांघरुणात झोपायच्या तशा दोघी एकमेकींना धरून बसल्या.

मग शालननं पदरानं नाक पुसलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली. भाकरी आली, तेल आलं, आणि वाटीत लालभडक कांदा-लसूण मसाला. शालननं मसाल्यात तेल कालवलं आणि वाटी अक्कापुढं सरकवली.

“आता तरी खा. आता कुणातनं काय वजा करायचंय तुला?”

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, मसाल्यात बुडवला आणि तोंडात घातला. इतक्या वर्षांनी जिभेला तिखट लागलं आणि त्यांना जोराचा ठसका बसला. शालन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“सावकाश, अक्का,” ती म्हणाली. “पाणी घे आधी.”